एका व्होल्टचा इतिहास

पुण्याच्या संगणकीय इतिहासाची कथा सांगायची झाली की ती बहुधा एका नकारापासून सुरू होते. ऐंशीच्या दशकात भारताला हवा असलेला क्रे जातीचा महासंगणक अमेरिकेकडून हव्या त्या रूपात मिळेना, १९८८ साली पुण्यात 'प्रगत संगणन विकास केंद्र', म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा राहिला आणि १९९१ साली तो जगापुढे आला. ही कथा आपल्याला प्रिय आहे, आणि ती प्रिय असावी अशीच आहे. मात्र तिच्यात मोजमाप एकाच गोष्टीचे होते : यंत्र सेकंदाला किती क्रिया करते याचे. ज्या विजेवर ते यंत्र चालते, ती त्याच्या पोटात कोणत्या रूपाने पोहोचते आणि पोहोचता पोहोचता तिच्यातील किती वाया जाते, हा प्रश्न त्या कथेत येत नाही. स्वयंपाकाची स्तुती व्हावी आणि चुलीची आठवणही निघू नये, तसे काहीसे हे झाले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ही चूल आहे. अत्यंत कमी दाबाची वीज, म्हणजे पाच व्होल्ट, तीन व्होल्ट, एक व्होल्ट, स्थिर ठेवून आणि फारशी नासाडी न होऊ देता पुरवणे हे वरवर पाहता किरकोळ काम वाटते. हजारो व्होल्टचा धाक असतो; एका व्होल्टला कोण भितो? पण विजेच्या इतिहासात उलटेच घडले आहे. उच्च दाब हाताळण्याची विद्या सह्याद्रीच्या घाटात १९१५ सालीच रुजली होती. एका व्होल्टची विद्या मात्र पक्व व्हायला विसावे शतक संपावे लागले. या दोन टोकांमधला प्रवास पुणे आणि त्याच्या आसपासच्या पन्नास-शंभर किलोमीटरांच्या परिसरात जवळजवळ पूर्णपणे पाहता येतो, म्हणून तो येथे मांडावासा वाटतो.

१.

विजेच्या संदर्भात मराठीने 'व्होल्टेज'साठी 'दाब' हा शब्द स्वीकारला, तो फार बोलका आहे. विद्युत्‌दाब हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे पाणी येते : उंचावरच्या टाकीतले, खाली यायला उत्सुक असलेले. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. नळ जितका रुंद तितका प्रवाह मोठा. एरवी ही केवळ उपमा ठरली असती. खोपोलीला मात्र ती अक्षरशः खरी होती. टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली, लोणावळा-वळवण-शिरोता येथे तलाव बांधून पावसाचे पाणी साठवले आणि ते घाटाच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले. फेब्रुवारी १९१५ मध्ये हे वीजगृह सुरू झाले. तेथून मुंबईच्या गिरण्यांकडे जी वीज निघाली ती सुमारे एक लक्ष व्होल्ट दाबाने.

एक लक्ष व्होल्ट कशासाठी? कारण साधे आहे. विजेची शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तीच शक्ती दाब वाढवून थोड्या प्रवाहाने नेता येते, किंवा दाब कमी ठेवून मोठ्या प्रवाहाने. पण तारेत होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर तार चौपट तापते; दसपट झाला तर शंभरपट. म्हणून दूर जायचे असेल तर दाब वाढवावा आणि प्रवाह आवरता ठेवावा. वीजवाहनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे. आणि या वाक्याची दुसरी बाजू हीच आपल्या विषयाची सुरुवात आहे : ज्याला कमी दाबाने वीज हवी आहे त्याला प्रचंड प्रवाह पत्करावा लागतो, आणि प्रवाह पत्करला की वाटेतली नासाडीही पत्करावी लागते.

नासाडी हा शब्द येथे नुसता हिशेबाचा नाही. खोपोलीनंतर भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही वीजगृहे आली. भिऱ्याला जे पाणी लागले ते मुळशीच्या धरणाचे. त्या धरणाखाली मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी जो सत्याग्रह केला त्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळवून दिली. बापट हे सरकारी शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेलेले गृहस्थ होते, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. यंत्रविद्येचे अडाणी वैरी म्हणून त्यांना निकालात काढता येत नाही. वीज कशाने होते हे जाणणाऱ्या माणसाने ती कोणाच्या जमिनीवर होते असा प्रश्न विचारला होता. लढा हरला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. तेव्हापासून आपल्या भागात तरी वाया गेलेला प्रत्येक वॅट हा कुणाच्या तरी शेतातून आलेला असतो, एवढे स्मरण ठेवायला हरकत नसावी.

२.

कमी दाबाचा पेच पुणेकरांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिला तो रेल्वेत, अर्थात तो पेच आहे हे न कळता. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली. पुढे कल्याणपासून घाट चढून पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. या साऱ्या मार्गावर वीज होती ती १५०० व्होल्ट दाबाची, एकदिश प्रवाहाची. घरातल्या माणसाला १५०० हा आकडा भयंकर वाटेल. पण घाट चढणाऱ्या इंजिनाच्या दृष्टीने तो फारच थोडा होता. हिशेब करून पाहावा. तीन हजार किलोवॅट शक्ती १५०० व्होल्टवर घ्यायची तर प्रवाह दोन हजार अँपिअर होतो. तीच शक्ती २५ हजार व्होल्टवर घेतली तर ढोबळमानाने १२० अँपिअर पुरतात.

दोन हजार अँपिअर वाहून नेणारी तार लांब ठेवता येत नाही. म्हणून १५०० व्होल्टच्या मार्गावर दर काही किलोमीटरांवर उपकेंद्र उभारावे लागे. वीज उच्च दाबाने उपकेंद्रापर्यंत आणायची, तेथे तिचा दाब उतरवायचा आणि उरलेले थोडे अंतरच तिला कमी दाबाने चालू द्यायचे, असा हा मार्ग होता. २५ हजार व्होल्टच्या मार्गावर हीच उपकेंद्रे कितीतरी दूर दूर चालतात. रेल्वेने अखेर हा दुसरा मार्ग धरला. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून शेवटची डीसी लोकल धावली आणि १५०० व्होल्टचे पर्व मुंबई परिसरातून संपले.

रेल्वेला दाब वाढवून सुटका करून घेता आली. पण ज्याला दाब वाढवण्याची मुभाच नाही, त्याने काय करावे? त्याला उपकेंद्रच जवळ, अधिक जवळ, अगदी दाराशी आणावे लागते. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच झाले.

३.

घरगुती आयुष्यात कमी दाबाची वीज आली ती ट्रान्झिस्टर रेडिओतून. चार सेल, प्रत्येकी दीड व्होल्ट, मिळून सहा. सेल नवा असताना दीड व्होल्ट देतो आणि संपत आला की एका व्होल्टच्याही खाली जातो. म्हणजे रेडिओला मिळणारा दाब आठवड्यागणिक उतरत जाई आणि विविध भारतीचा आवाज हळूहळू बसत जाई. सेलचा खर्च वाचवण्यासाठी घरोघर जे एलिमिनेटर आले, ते आपल्या विषयाचे पहिले लोकप्रिय उदाहरण म्हणायला हवे. पुण्यात तपकीर गल्लीत अशा वस्तूंचा बाजार भरलेला असे आणि आजही असतो. एका लहानशा डब्यात एक ट्रान्सफॉर्मर, दोन-चार डायोड आणि एक कपॅसिटर. भिंतीतील २३० व्होल्ट उतरवून सहाच्या आसपास आणायचे एवढेच त्याचे काम. या एलिमिनेटरचे दोन दोष सर्वांना परिचित होते. एक म्हणजे गाण्यामागे सतत ऐकू येणारी घरघर : आपल्या विजेच्या ५० आवर्तनांची दुप्पट होऊन ती १०० आवर्तनांच्या गुरगुरण्याने कानी येई. दुसरा दोष असा की आवाज वाढवला की दाब खाली बसे आणि उंच स्वर फाटे. पहिला दोष गाळणीचा, दुसरा नियमनाचा. चांगल्या वीजपुरवठ्याच्या साऱ्या कसोट्या या गरीब डब्याने आपल्या उणिवांतून शिकवल्या.

नियमन म्हणजे घेणारा कमी घेवो की जास्त, आणि भिंतीतला दाब चढो की उतरो, देण्याचा दाब ढळू न देणे. ही विद्या महाराष्ट्रात धंदा म्हणून उभी करणाऱ्यांमध्ये ठाण्याच्या 'अॅप्लॅब'चे नाव घ्यावे लागेल. प्रभाकर देवधर यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या या कंपनीने नियंत्रित वीजपुरवठ्याची उपकरणे बनवली. देवधर पुढे राजीव गांधींच्या काळात इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. महासंगणक किंवा उपग्रह यांच्या मानाने हे उपकरण अगदी साधे. पण प्रयोगशाळेत बाकी काहीही करण्याआधी ज्याचे बटण दाबावे लागते ते हेच.

त्या काळचे नियमन 'रेषीय' पद्धतीचे होते. अमेरिकेत बॉब विडलर यांनी १९७० च्या आसपास पाच व्होल्टचा संपूर्ण नियामक एका सिलिकॉनच्या कणात बसवला आणि त्या वाटेने आलेला ७८०५ हा तीन पायांचा नियामक तपकीर गल्लीपासून अभियांत्रिकीच्या प्रत्येक प्रकल्पापर्यंत पोहोचला. त्याची रीत अशी की नऊ व्होल्ट घ्यावेत, पाच पुढे द्यावेत आणि मधले चार उष्णता करून हवेत सोडून द्यावेत. एक अँपिअर प्रवाहाला पाच वॅट कामी आले, चार वॅट वाया गेले. निम्म्याच्या जवळपास नासाडी. पण पुरवठा अतिशय शांत, निर्मळ, घरघरीविना. छोट्या उपकरणांना ती नासाडी परवडत होती. बारा व्होल्टांतून एक व्होल्ट काढायचा झाला तर मात्र ही रीत बारातले अकरा वाटे फेकून देते.

४.

'परम ८०००' ज्या ट्रान्सप्युटरांवर उभा होता ते ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे टी-८०० जातीचे होते आणि त्यांना लागे पाच व्होल्ट. पाच व्होल्ट हा त्या युगाचा सर्वमान्य दाब होता, आणि त्यात साधारण पाच टक्क्यांची, म्हणजे पाव व्होल्टची, ढळ क्षम्य मानली जाई. एका पेटीत वीजपुरवठा बसवावा, जाड तारांनी तो सर्व पट्ट्यांपर्यंत न्यावा, वाटेत दहावा हिस्सा व्होल्ट हरवला तरी बिघडत नसे.

हे सुख टिकले नाही, आणि ते न टिकण्याचे कारण शुभ होते. संगणकाच्या चिपमध्ये दर क्रियेला खर्च होणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाच व्होल्टवरून एक व्होल्टवर आलो तर तीच क्रिया पंचविसाव्या हिश्श्याच्या ऊर्जेत होते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत जावे तसा दाबही उतरवत जावा. नव्वदीच्या दशकात उद्योगाने हा सल्ला पुरतेपणी अमलात आणला. इंटेलचा १९९३ चा पहिला पेंटियम पाच व्होल्टचा होता. पुढच्याच वर्षीचा ३.३ व्होल्टचा, १९९७ चा एमएमएक्स गाभ्यात २.८ व्होल्टचा. एकविसाव्या शतकाची पहिली काही वर्षे सरेपर्यंत आकडा एका व्होल्टच्या आसपास आला आणि तेथे अडकला, कारण त्याखाली ट्रान्झिस्टर नीट बंदच होईना; बंद असतानाही तो गळू लागला.

दाब उतरला, पण चिपची भूक उतरली नाही. ट्रान्झिस्टरांची संख्या लाखांतून कोटींत आणि कोटींतून अब्जांत गेली. दोनशे वॅटची चिप एका व्होल्टवर चालवायची म्हणजे दोनशे अँपिअर प्रवाह नखाएवढ्या तुकड्यात ओतायचा. खोपोलीच्या एक लक्ष व्होल्ट वाहिनीत दोनशे अँपिअर वाहिले तर त्यातून दोन कोटी वॅट शक्ती जाईल; येथे तेवढ्याच प्रवाहातून दोनशे वॅट मिळतात. वाटेत एका ओहमचा हजारावा भाग इतका जरी रोध असला, तरी दोनशे अँपिअरला एक पंचमांश व्होल्ट तेथेच हरवतो आणि चाळीस वॅट तारेतच जळतात. चिपला मात्र दोन-तीन टक्क्यांपलीकडे, म्हणजे दहा-वीस-तीस मिलिव्होल्टपलीकडे, ढळ चालत नाही. घाटातल्या रेल्वेचा पेच आता सर्किट बोर्डाच्या शेवटच्या इंचात येऊन बसला होता.

उत्तरही रेल्वेचेच निघाले : उपकेंद्र दाराशी आणा. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरच्या शेजारीच स्वतंत्र दाब-नियामक बसवण्याची पद्धत रूढ झाली. पेटीतून बारा व्होल्ट यावेत आणि चिपच्या अंगणातच त्यांचा एक व्होल्ट व्हावा. शिवाय आपल्याला नेमका किती दाब हवा हे चिपच आपल्या काही पायांवरील खुणांनी नियामकाला सांगू लागली. मागणारा आणि देणारा यांच्यात संवाद सुरू झाला.

५.

पण बाराचा एक करायचा कसा? रेषीय पद्धत बाद झालेली. येथे जी 'स्विचिंग' पद्धत आली ती समजायला आपल्याकडच्या विहिरीवरची मोट पुरेशी आहे. मोट भरते, वर येते, थारोळ्यात रिकामी होते, पुन्हा खाली जाते. पाणी येते ते भसाभसा, थांबून थांबून. पण थारोळ्यातून पाटात जाते ते बऱ्याच अंशी संथ. स्विचिंग नियामकात एक ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. उघडा असताना पूर्ण उघडा, मिटला असताना पूर्ण मिटलेला, त्यामुळे स्वतः फारसा तापत नाही. बारातला एक हवा असेल तर बारातला एक वाटा वेळच तो उघडा राहतो. विजेचे हे भरलेले घोट कॉइल आणि कपॅसिटर यांच्या थारोळ्यात पडतात आणि पुढे संथ प्रवाह निघतो. फेकायचे काहीच नसते; निदान तत्त्वतः.

व्यवहारात कमी दाब येथेही आडवा आला. ट्रान्झिस्टर मिटलेला असताना प्रवाहाला फिरायला वाट लागते आणि ती वाट परंपरेने डायोडची असे. सिलिकॉनचा डायोड आपल्या अंगावर सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेतो. पाच व्होल्टच्या पुरवठ्यात प्रवाह सतत डायोडमधूनच जातो असे धरले, तर ही वर्तणी आठव्या हिश्श्याच्या आसपास, सहन करण्याजोगी. एका व्होल्टच्या पुरवठ्यात तीच वर्तणी १.७ मधले ०.७, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक. ०.४ व्होल्टचा शॉटकी डायोड लावला तरी अठ्ठावीस-एकोणतीस टक्के गेलेच. द्वारपालानेच घरातले निम्मे धान्य खावे असा प्रकार. म्हणून डायोड काढून त्याच्या जागी दुसरा ट्रान्झिस्टर बसवण्यात आला, जो योग्य क्षणी उघडतो आणि योग्य क्षणी मिटतो. त्याचा रोध ओहमच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजण्याइतका कमी ठेवता येतो. दोन मिलिओहमचा असेल तर वीस अँपिअरला अवघे ०.०४ व्होल्ट जातात. मात्र दोन्ही ट्रान्झिस्टर चुकून एकाच वेळी उघडे राहिले तर वीज थेट जमिनीकडे धाव घेते आणि दोघेही जळतात. काही नॅनोसेकंदांची शिस्त पाळणे हे या कारागिरीचे मर्म झाले.

दुसरी अडचण मोटेचीच. एकच मोट दोनशे अँपिअर ओतू लागली तर ती अवजड होणार आणि थारोळे उसळणार. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात फ्रेड ली यांच्या संशोधनगटाने नव्वदीच्या उत्तरार्धात ज्या उपायाचा पाठपुरावा केला त्याला मराठीत 'रहाट' म्हणावे. एका मोटेऐवजी अनेक लहान गाडगी, एकामागून एक, ठरावीक अंतराने रिती होणारी. चार, सहा, आठ लहान नियामक एकाच चिपला वीज देतात, पण प्रत्येकाची उघडझाप थोडी पुढेमागे. एकाची ओहोटी तेव्हा दुसऱ्याची भरती. एकूण प्रवाह जवळजवळ सपाट. आणि चिप एकाएकी झोपेतून उठून पूर्ण वेगाने काम मागू लागली तर अनेक लहान कॉइल एका मोठ्या कॉइलपेक्षा लवकर धावून येतात.

तिसरी अडचण मापाची. दाब स्थिर ठेवायचा म्हणजे तो कशाशी तरी ताडून पाहायला हवा. सिलिकॉनच्या अंगभूत गुणधर्मावरून, तापमान बदलले तरी न बदलणारे, सुमारे १.२५ व्होल्टचे प्रमाण मिळते, आणि विडलर यांच्या काळापासून नियामकांची गजपट्टी तीच. पण मोजायचे कापडच जेव्हा एक व्होल्टाहून तोकडे झाले तेव्हा ही पट्टी लांब पडू लागली. १९९९ साली जपानी अभियंत्यांनी दाबांची बेरीज करण्याऐवजी प्रवाहांची बेरीज करून एका व्होल्टाखालीही चालणारे प्रमाण सिद्ध केले. शिवाय हे मापन कोठे करायचे, यालाही महत्त्व आले. नियामकाच्या दाराशी मोजून उपयोग नाही. दोन बारीक तारा थेट चिपपर्यंत नेऊन तेथे काय पोहोचले ते पाहावे लागते. किती पाठवले याची नोंद आणि किती पोहोचले याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी योजना पाहणाऱ्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

६.

येथपर्यंत वाचून असे वाटेल की स्विचिंग पद्धतीने प्रश्न सुटला. तो का सुटला नाही हे पाहायला पुण्यातून नारायणगावच्या दिशेने ऐंशी किलोमीटर जावे लागेल. खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मध्यभागी एकवटलेल्या, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ती ऐकते ते साधारण दीडशे ते साडेचौदाशे मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, आणि जे ऐकते ते इतके क्षीण असते की शेजारच्या वीजतारेवरची एक ठिणगी त्यापुढे मेघगर्जना ठरावी.

स्विचिंग नियामक हा तर ठिणग्यांचाच व्यवसाय. सेकंदाला लाखो वेळा होणारी उघडझाप जितकी तीक्ष्ण तितकी नासाडी कमी. आणि जितकी तीक्ष्ण तितके तिचे पडसाद वरच्या आवर्तनांत, थेट शेकडो मेगाहर्ट्‌झपर्यंत, घुमणार. म्हणजे कार्यक्षमता आणि शांतता यांच्यात येथे सरळ वैर आहे. ताऱ्यांचे ऐकणाऱ्याला ७८०५ च्या कुळातला, नासाडी करणारा पण मौन पाळणारा नियामक हवासा वाटतो. आकडेमोड करणाऱ्याला तो परवडत नाही. व्यवहारात अभियंते तडजोड करतात : बहुतेक दाब स्विचिंगने उतरवायचा, शेवटचा थोडा रेषीय नियामकाने, आणि सारे धातूच्या पेटीत कोंडायचे. मौज अशी की गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरातच सी-डॅक वाढले आणि तेथेच जीएमआरटी चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही आहे. एका आवारात दोन संस्था, आणि एका व्होल्टकडून दोघींच्या दोन उलट मागण्या.

तिसरी मागणी शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. १८५४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे खपून 'स्वयम्' नावाचा सुमारे एक किलो वजनाचा, दहा सेंटिमीटर बाजूचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ ने तो कक्षेत नेला. या आकाराच्या उपग्रहाचा जमाखर्च पाहावा. दहा सेंटिमीटरच्या चौरसावर पृथ्वीजवळ पडणारे ऊन अवघे साडेतेरा वॅट. उत्तम सौरघटांनी पूर्ण झाकला तरी त्यातून चारेक वॅटच निघणार, आणि दीड तासाच्या फेऱ्यातला बराचसा वेळ पृथ्वीच्या सावलीत जाणार. भिंतीत प्लग नाही, दुरुस्तीला माणूस नाही, उष्णता वाहून न्यायला हवा नाही. येथे नियामकाने दहा टक्के खाल्ले तर रेडिओची बोलण्याची वेळ तेवढी कमी होते. महासंगणकात जी नासाडी वीजबिलात लपते ती येथे नागडी दिसते. आपल्या कंपूतल्या विज्ञानप्रेमी मित्रांनी महासंगणकांवर आजवर पुष्कळ लिहिले आहे. पण कमी दाबाच्या वीजपुरवठ्याचे खरे शिक्षण कोठे होते असे विचारल्यास मी या एक किलोच्या पेटीकडे बोट दाखवीन.

७.

अलीकडच्या वर्षांत हिशेबाची दृष्टी थोडी बदलली आहे. महासंगणकांची वेगानुसार यादी असते तशी दर वॅटला किती क्रिया यावरून लावलेली 'ग्रीन५००' ही यादीही आता असते. सी-डॅकचा २०१३ चा 'परम युवा २' त्याच वर्षी नोव्हेंबरच्या यादीत चव्वेचाळिसावा होता. वीजपुरवठ्याच्या साखळीकडेही लक्ष गेले. भिंतीपासून चिपपर्यंत चार पायऱ्या असल्या आणि प्रत्येक पायरी पंच्याण्णव टक्के कार्यक्षम असली, तरी शेवटी पोहोचतात एक्क्याऐंशीच टक्के. म्हणून गूगलसारख्या कंपन्यांनी पेटीतले बारा व्होल्ट सोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट खेळवायला सुरुवात केली : प्रवाह चौथा हिस्सा, तारेतली नासाडी सोळावा हिस्सा. अठ्ठेचाळीस व्होल्ट हा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा दाब. नव्या यंत्राने आजोबांच्या पेटाऱ्यातली वस्तू काढून वापरावी तसे हे झाले.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळू नये. वाचवलेली वीज खरोखर वाचते काय? दाब पाचाचा एक झाला तेव्हा प्रत्येक क्रिया पंचवीसपट स्वस्त झाली. पण आपण क्रिया पंचवीसपटच नव्हे, कोट्यवधी पटींनी वाढवल्या. २६ सप्टेंबर २०२४ रोजी जीएमआरटीसाठी 'परम रुद्र' महासंगणक कार्यान्वित झाला. क्षणार्धात चमकून विझणारे रेडिओ-स्फोट शोधण्यासाठी तो आहे. म्हणजे शांतता मागणारी दुर्बीण आणि गजबज करणारा संगणक यांचा अखेर संसार मांडला गेला. 'परम ८०००' सेकंदाला शतकोटींच्या घरात क्रिया करी. याची गणना त्याच्या लाखो पटींनी. कार्यक्षमतेने भूक भागत नाही, ती वाढते, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे कठीण आहे.

पण म्हणून कार्यक्षमता निरर्थक ठरत नाही. किती क्रिया करायच्या हा समाजाच्या निवडीचा प्रश्न आहे आणि त्यावर वाद व्हावा. निवडलेली क्रिया करताना वाटेत किती सांडायचे हा कारागिरीचा प्रश्न आहे, आणि तेथे सांडण्याच्या बाजूने कोणताच युक्तिवाद नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे हा आळस आहे. मुळशीच्या मावळ्यांनी पहिला प्रश्न विचारला होता. एका व्होल्टच्या अभियंत्यांनी, त्यांची नावे आपल्याला माहीत नसली तरी, दुसऱ्याचे उत्तर चार-चार मिलिव्होल्टांनी पुढे नेले. दोघांचा विषय एकच होता : सह्याद्रीवर पडलेल्या पाण्याचे शेवटी काय होते.

विद्यापीठाच्या चौकात येऊन मिळणाऱ्या रस्त्याला सेनापती बापटांचे नाव आहे. त्या रस्त्याने गणेशखिंडीत शिरणाऱ्या संशोधकांना त्यात काही विशेष वाटत नसेल. रस्त्यांच्या नावांचे असेच होते. परंतु पुण्याच्या महासंगणकांचा इतिहास पुन्हा कधी लिहिला गेला, तर त्याचे पहिले प्रकरण अमेरिकेच्या नकारावर न लिहिता मुळशीच्या नकारावर लिहावे, आणि शेवटचे प्रकरण चिपशेजारच्या त्या इंचभर जागेवर, असे सुचवावेसे वाटते. मधली प्रकरणे आपल्याला पाठच आहेत.